बळींच्या रकान्यात न दिसणारा गोलंदाज

फलंदाज धावांवरून लवकर ओळखता येतो. गोलंदाज बळींवरून तसा ओळखता येत नाही. शालेय सामन्यात शतक ठोकणाऱ्या मुलाने बहुधा शंभरेक चेंडू खेळलेले असतात आणि त्यातल्या बहुतेक चेंडूंचा हिशेब धावफलकावर उतरतो. गोलंदाजाचे तसे नाही. पन्नास चेंडूंमागे एक बळी घेणारा गोलंदाज चांगला समजला जातो. म्हणजे त्याचे एकोणपन्नास चेंडू बळींच्या रकान्यात येतच नाहीत. त्यांपैकी किती चेंडू बॅटची कड हुकवून गेले आणि किती झेल सुटले, याची नोंद शाळेच्या किंवा क्लबच्या स्कोअरबुकात नसते. निवड समितीपुढे येतो तो फक्त शेवटचा आकडा.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने बळी ही क्वचित घडणारी घटना. अशा घटना मोजताना एक ढोबळ नियम लागू पडतो: अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाएवढा चढउतार निव्वळ योगायोगाने होऊ शकतो. एखाद्याच्या कुवतीनुसार हंगामात १६ बळी अपेक्षित असतील, तर १२ किंवा २० बळी मिळाल्याने त्याच्या कौशल्याबद्दल फारसे काही कळत नाही. चार सामन्यांवरून गोलंदाजाला पास-नापास करणे या गणितात बसत नाही, तरी निवडी बहुधा तेवढ्यावरच होतात.

शार्दूल ठाकूरची सुरुवात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पालघर तालुक्यातील माहीमचा हा मुलगा. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. रणजी करंडकातील पहिल्या चार सामन्यांत त्याला मिळाले चार बळी, सरासरी ८२. एवढ्यावर कागद मिटला असता तर त्याबद्दल कोणी निवड समितीला दोष दिला नसता. २०१३-१४ च्या हंगामात मात्र त्याने सहा सामन्यांत २७ बळी घेतले आणि २०१४-१५ मध्ये ४८, सरासरी २०.८१. मधल्या काळात त्याने वजन घटवले, तंदुरुस्ती वाढवली. त्यामुळे हा सगळा नशिबाचा खेळ होता असे म्हणता येणार नाही. पण ज्या गोलंदाजाकडे पुढच्या ४८ बळींची क्षमता होती, तो आधीच्या चार सामन्यांच्या आकड्यांत कुठेच दिसत नव्हता.

उलटा दाखला डोंबिवलीत जन्मलेल्या नीलेश कुलकर्णीचा. ऑगस्ट १९९७ मध्ये कोलंबोत त्याने कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर मर्वन अटापट्टूला बाद केले. असे करणारा तो पहिला भारतीय. त्यानंतर त्या डावात त्याने आणखी ४१९ चेंडू टाकले आणि एकही बळी मिळाला नाही. श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या. त्याच्या नावापुढे ७० षटके, १९५ धावा, एक बळी अशी नोंद राहिली. पहिल्या चेंडूवरून हा डावखुरा फिरकीपटू जितका मोठा वाटला तितका तो नव्हता, आणि नंतरच्या ४१९ चेंडूंवरून वाटला तितका सामान्यही नव्हता. तो एकूण तीनच कसोटी खेळला. स्थानिक क्रिकेटमधले त्याचे साडेतीनशेहून अधिक बळी हा त्याच्या कौशल्याचा कितीतरी खात्रीचा पुरावा आहे.

मग आकडे बाजूला ठेवून पाहायचे काय? वेगवान गोलंदाजीपुरते उत्तर शरीरयांत्रिकीने बरेच स्पष्ट केले आहे. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी वीस अव्वल वेगवान गोलंदाजांच्या हालचाली टिपून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोलंदाजा-गोलंदाजांमधील वेगाच्या फरकापैकी ७४ टक्के फरक चार गोष्टींनी उलगडला: धावत येण्याचा वेग, पुढचा पाय टेकताना आणि नंतरही ताठ राहणारा गुडघा, चेंडू सुटेपर्यंत धडाचे पुढे झुकणे आणि हात उशिरा फिरणे. धावत आलेल्या शरीराला ताठ पाय एकदम अडवतो, तेव्हा धड त्या पायावरून पुढे फेकले जाते आणि मागे रेंगाळलेला हात सर्वांत शेवटी झपाट्याने येतो. पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंतचा हा सगळा व्यवहार सुमारे एक दशांश सेकंदाचा. एवढ्या अवधीत पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच पटींहून अधिक जोर येऊ शकतो.

चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्यात ताकद नसली तरी चालते. ती पुढे येते. पण त्याचा गुडघा ताठ राहतो का आणि हात उशिरा येतो का, हे त्याच वयात दिसते. आज सावकाश चेंडू टाकणाऱ्या अशा मुलाला थोडी वर्षे द्यायला हवीत. आज वेगवान वाटणारा मुलगा कदाचित फक्त लवकर वाढलेला असतो. भारतीय क्रिकेट मंडळाच्या वयोगटांसाठी १ सप्टेंबर ही जन्मतारखेची सीमा आहे. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला अशी दोन मुले एकाच गटात येतात आणि त्यांच्यात जवळपास वर्षाचे अंतर असते. त्यातच मुलग्यांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आगेमागे झपाट्याने वाढते, पण कोणाची बाराव्या वर्षी तर कोणाची सोळाव्या. सोळा वर्षांखालील गटात डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय तपासले जाते, ते वयचोरी पकडण्यासाठी. उशिरा वाढणारा मुलगा ओळखून त्याला सांभाळण्यासाठीही याच तपासणीचा उपयोग व्हायला हवा.

कल्याणच्या तुषार देशपांडेची गोष्ट तर नुसत्या रांगेवरून फिरली. शाळकरी वयात तो शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवड चाचणीला गेला तो फलंदाज म्हणून. पॅड बांधलेल्या मुलांची लांबलचक रांग पाहून तो गोलंदाजांच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि निवडला गेला. याच जिमखान्यात पद्माकर शिवलकरांनी मुले घडवली. १९.६९ च्या सरासरीने प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही ज्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, ते हे शिवलकर. त्यांच्यासारख्याच डावखुऱ्या फिरकीपटूचा, बिशनसिंग बेदींचा, तो काळ होता हे खरे, तरी तो अन्यायच होता.

देशपांडे २०१६ मध्ये मुंबईकडून रणजी खेळला आणि २०२२ च्या आयपीएल लिलावात चेन्नईने त्याला २० लाखांत घेतले. २०२३ च्या आयपीएलमध्ये २१ बळी, जुलै २०२४ मध्ये हरारे येथे भारताकडून पदार्पण, आणि त्यानंतरच्या लिलावात साडेसहा कोटींची बोली. भारताची टोपी मिळाली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. फलंदाजीही त्याने पूर्ण सोडली नव्हती: फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने शतक केले.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये अशा उशिरा उमलणाऱ्यांसाठी मोठी यंत्रणा आहे. मुख्य लीगच्या तीस संघांना प्रत्येकी चार, असे १२० दुय्यम संघ जोडलेले आहेत. पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू फेकणारा, तिथे वर्षानुवर्षे पायरीपायरीने चढतो आणि प्रत्येक फेकीचा वेग व फिरकी रडारवर मोजली जाते. जेकब डीग्रॉम महाविद्यालयात प्रामुख्याने क्षेत्ररक्षक होता. २०१० च्या निवडीत नवव्या फेरीपर्यंत त्याला कोणी घेतले नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये तोच नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचर ठरला. २००८ मध्ये भारतात भरलेल्या एका स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पिट्सबर्गच्या संघाने करारबद्ध केले. दोघांनीही आधी बेसबॉल खेळलेला नव्हता. ते मुख्य लीगपर्यंत पोहोचले नाहीत, पण दुय्यम लीगमध्ये खेळले. फेकणारा हात दुसऱ्या खेळातही सापडू शकतो, एवढे त्यातून नक्की कळले.

ठाणे-कल्याण पट्ट्यात असा ‘दुसरा खेळ’ म्हणजे टेनिस बॉल क्रिकेट. मार्च २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये झाला तो याच चेंडूवर. टेनिसचा चेंडू सुमारे ५८ ग्रॅमचा, सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. आकार थोडासाच लहान आणि वजन मात्र निम्म्याहून कमी, त्यामुळे हवेचा अडथळा त्याचा वेग दुपटीहून अधिक झपाट्याने कमी करतो. तरीही फलंदाजाला घाई करायला लावायची तर हात विलक्षण जलद फिरवावा लागतो आणि यॉर्करचा टप्पा अचूक साधावा लागतो. या दोन गोष्टी सीझन बॉलवरही कामी येतात. शिवणीचा वापर मात्र तिथे शिकता येत नाही. टेनिस बॉलला शिवणच नसते. म्हणून अशा मुलाची परीक्षा घेण्याआधी त्याच्या हातात काही महिने सीझन बॉल द्यायला हवा.

मैदानाचा हिशेबही ठेवावा लागतो. १९४८ पासून भर पावसाळ्यात चालणाऱ्या मुंबईच्या कांगा लीगमधल्या ओल्या खेळपट्टीवर मध्यमगती गोलंदाजालाही बळींची रास मिळते. ते बळी आणि एप्रिलच्या पाटा खेळपट्टीवरचे बळी एकाच रकान्यात मांडून चालत नाही.

शोधलेला मुलगा टिकवणे हे त्यापुढचे काम. पिचरचे कोपर जाते. क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजाची पाठ. कंबरेच्या खालच्या मणक्यांत, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, ताणाने बारीक भेग पडते. या मणक्यांचे हाड पंचविशीच्या आसपासपर्यंत घट्ट होत असते, म्हणून किशोरवयात धोका जास्त. शाळा, क्लब आणि वयोगटाचा संघ असे तिघेही एकाच मुलाला षटके टाकायला लावतात आणि एकूण बेरीज कोणीच ठेवत नाही. कल्याणहून मुंबईच्या मैदानांपर्यंत लोकलने पन्नासेक किलोमीटर, खांद्यावर किटबॅग, गर्दीत उभ्याने प्रवास; विश्रांतीचा वेळ त्यातच जातो.

या सगळ्याची नोंद ठेवायला महागडे रडार लागत नाही. सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाइल कॅमेरा बाजूने लावला, तर पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत चोवीसेक चित्रे मिळतात आणि गुडघा वाकतो की नाही हे त्यांत स्वच्छ दिसते. दोन्ही पॉपिंग क्रीजमधले अंतर १७.६८ मीटर. चेंडूला ते पार करायला १२० चित्रे लागली तर सरासरी वेग ताशी सुमारे १२७ किलोमीटर, आणि एका चित्राची चूक झाली तरी फरक एका टक्क्याहून कमी. सोबत जन्मतारीख, दर तीन महिन्यांनी मोजलेली उंची आणि आठवड्यात टाकलेले एकूण चेंडू लिहून ठेवले, की क्लबच्या वहीत बळींच्या रकान्याशेजारी आणखी पाच रकाने तयार होतात.