गिरियात्रा आणि शरीरांतील संप्रेरकें

गोदावरीच्या खोऱ्यांतील आमच्या आष्टीसारख्या सपाट गांवांहूनही आतां वडीलधारीं माणसें केदारनाथाच्या यात्रेस जातात. गौरीकुंड सुमारें २००० मीटर उंचीवर, तर केदारनाथ ३५०० मीटरांच्याही वर आहे. अशा चढणीवर शरीरांत काय घडतें, हें घरांतील मंडळींनीं निघण्यापूर्वींच समजून घ्यावें.

ग्रंथींतून रक्तांत उतरून दूरच्या अवयवांस आज्ञा पोंचविणारीं जीं द्रव्यें, त्यांस संप्रेरकें म्हणतात. 'ईर्' धातूचा अर्थ प्रेरणा देणें. स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०५ सालीं योजिलेला 'हॉर्मोन' हा ग्रीक मूळाचा शब्दही त्याच अर्थाचा आहे.

व्यायामास आरंभ होतांच अॅड्रिनलिन वाढून हृदय जलद चालतें. ग्लुकॅगॉनच्या योगें यकृतांतील साखर रक्तांत येते. इन्सुलिन मात्र कमी होतें, कारण श्रम करणारे स्नायू त्याच्या साहाय्यावांचूनही साखर घेऊं शकतात. नित्य व्यायाम करणाऱ्याच्या शरीरांत तेवढ्याच श्रमानें ही खळबळ कमी होते.

उंचीवर हवेचा दाब उतरल्यामुळें प्रत्येक श्वासांत प्राणवायु कमी मिळतो, व साधें चालणेंही कठीण व्यायाम ठरतें. हा अभाव ओळखून मूत्रपिंडें कांहीं तासांतच एरिथ्रोपोएटिन नांवाचें संप्रेरक अधिक सोडूं लागतात. तें अस्थिमज्जेस तांबड्या पेशी वाढविण्याची आज्ञा देतें. पेशींस प्राणवायूची उणीव कशी कळते, या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेंझा यांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु आज्ञा तासांत सुटली, तरी नव्या पेशी पुरेशा होण्यास आठवडे लागतात. मे २०१८ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांचे पांच विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोंचले, ते पुष्कळ महिन्यांच्या तयारीनंतर. दोन दिवसांच्या यात्रेकरूस, आणि विशेषतः हेलिकॉप्टरनें मिनिटांत वर जाणारास, हा अवधि मिळत नाहीं.

म्हणून आधीं एक-दोन महिने रोज चालण्याचा सराव करावा. त्यानें श्रम सोसतात. मात्र उंचीचा विकार त्यानें टळत नाहीं. त्यासाठीं वाटेंत मधल्या उंचीवर मुक्काम करीत सावकाश चढणें हाच उपाय. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्यानें मात्रेविषयीं वैद्यकीय सल्ला घ्यावा व साखर जवळ बाळगावी. कारण चालतांना रक्तांतील साखर एकाएकीं उतरूं शकते. डोकें दुखून मळमळ होऊं लागल्यास पुढें चढूं नये. विश्रांतींतही धाप लागली, तोल गेला किंवा बोलणें असंबद्ध झालें, तर दर्शन राहिलें तरी चालेल, पण त्या माणसास तत्काळ खालीं आणावें.