चिखल्या फक्त चिखलाने होत नाहीत

पावसाळ्यात मोशीहून चाकणला शिफ्टला निघालेला कामगार ओल्या मोज्यांवरच सेफ्टी शूज चढवतो आणि बुरशीला ८ तास ऊबदार घर देतो. करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलते. दोष चिखलाचा म्हणावा, तर भर उन्हाळ्यात नुसत्या घामानेही चिखल्या होतात. ‘पण मेडिकलमधल्या ट्यूबने खाज दोन दिवसांत थांबते की!’ थांबते, कारण तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. खाज दबते, बुरशी फोफावते. २०१८पासून अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते, ती उगाच नाही. क्लोट्रिमॅझोलसारखं साधं बुरशीनाशक मात्र कातडी बरी दिसल्यावरही आठवडा-दोन आठवडे लावावं लागतं. बुटांचा जोड एकच असेल, तर नाड्या सोडून रात्रभर पंख्याखाली ठेवावा. मोजे रोज धुतलेले, खडखडीत वाळलेले हवेत. मधुमेह असेल, तर घरगुती उपाय नकोत, थेट डॉक्टर गाठावा. सोललेल्या कातडीच्या भेगेतून जंतू शिरतात.