तो फोन करायला हवा होता

पोलादपूर आलं की एक रस्ता कशेडीकडे जातो, दुसरा आंबेनळी घाटातून महाबळेश्वरकडे. लग्नसराईतल्या एका संध्याकाळी महाडच्या स्टँडबाहेर मी घाटाकडे निघालेल्या जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरच्या तोंडाला वास येत होता. मागे बायकापोरं. मी उतरलो, फोन मात्र केला नाही. ओळखीचा मुलगा, त्याच्या पोटावर पाय कशाला द्या, असं वाटलं. जीप सुखरूप पोचली. मला मात्र रात्रभर झोप नाही.

कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायदा, 1988, कलम 185 : 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा. 2019च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इंग्लंडात ही मर्यादा 80 आहे. आपल्याकडे ती शून्यच हवी, असं काहीजण म्हणतात. मला ते पटतं. कारण ‘एवढ्यानं काय होतंय’ हा हिशेब करणारं डोकंच आधी झिंगतं. लिंबूपाण्यानं, काळ्या चहानं ती उतरत नाही. रक्तातलं प्रमाण तासाला साधारण 15 मिलिग्रॅमनंच कमी होतं.

मर्यादा ओलांडली का, हे आपण ठरवायचं नाही. ते श्वासाचं यंत्र आणि रक्ततपासणी ठरवील. आपण 112 लावायचा. गाडीचा नंबर, रंग, ठिकाण, दिशा सांगायची. प्यायलेला नसेल तर तो सुटेल.

त्याच्या पोटाची मला काळजी होती. मागे बसलेल्या पोरांची त्याहून जास्त असायला हवी होती.