केळं की लवंग?

बेल्जियन धर्तीची बिअर घरी करायची ठरली की नवखा माणूस आधी माल्टची यादी घेऊन बसतो. पण बेल्जियममधल्या वेस्टमाल मठाच्या ट्रिपेलमध्ये, म्हणजे तिथल्या फिकट कडक बिअरमध्ये, असतं काय? फिकट पिल्सनर माल्ट, साखर, बेताचे हॉप्स आणि पाणी. मसाला एकही नाही. तरी ग्लास नाकाशी नेला की लवंग येते, मिरीचा झणका येतो, मागून पिकलेलं फळ येतं. हे सगळं यीस्टचं देणं. माल्ट थोडं इकडचं तिकडे झालं तर चालतं, यीस्ट चुकलं तर ती बेल्जियन बिअरच होत नाही.

आमचा हा उद्योग चालतो सॅन डिएगोत, एका मित्राच्या गॅरेजमध्ये. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करता येत नाही. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली, दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलनपर्यंत. तेवढी पिणार कोण, हा प्रश्न कायदा विचारत नाही.

यीस्ट मिळतं दुकानाच्या फ्रिजमध्ये. पाकिटावर मठाचं नाव नसतं, आकडा असतो. पण घरी बिअर करणाऱ्यांना ते आकडे पाठ असतात आणि कुठला आकडा कुठल्या मठाचा हेही सगळे धरून चालतात. वायईस्ट कंपनीचं ३७८७ किंवा व्हाइट लॅब्ज कंपनीचं ५३० म्हणजे वेस्टमाल. १२१४ किंवा ५०० म्हणजे शिमे. १७६२ किंवा ५४० म्हणजे रोशफोर. १३८८ किंवा ५७० म्हणजे डुवेल. हा मठ नव्हे, मोर्टगाट कुटुंबाची ब्रूअरी, आणि तिचं यीस्ट पहिल्या महायुद्धानंतर आलं ते स्कॉटलंडहून. तेव्हा अस्सल बेल्जियन वगैरे म्हणताना जरा जपूनच.

मठाचं यीस्ट आणलं की मठाची बिअर होईल, असं वाटतं खरं. पण शेजारून विरजण आणावं तसं वेस्टव्लेटेरेनचे संन्यासी वेस्टमालहून यीस्ट आणतात, आणि दोन मठांच्या बिअरची चव एक नसते. स्टॅन हिएरोनिमस यांच्या २००५च्या ‘ब्रू लाइक अ मंक’ या पुस्तकात दोन्हीकडची तापमानं दिली आहेत. वेस्टमालमध्ये पारा २० अंशांच्या आसपास रोखून धरतात. वेस्टव्लेटेरेनमध्ये सुरुवात तिथूनच होते, पण पुढे तो २८-२९पर्यंत चढू देतात. म्हणून माझं मत असं, की पाकीट निवडण्याआधी आपल्या गॅरेजचं तापमान मोजावं.

आम्ही एकदा हेच करून पाहिलं. माल्टचं गोड पाणी, म्हणजे वर्ट, एकाच पातेल्यात उकळलं, १८ अंशांपर्यंत गार केलं आणि लहान काचेच्या बरण्यांत वाटून घेतलं. काहींत वेस्टमालचं यीस्ट, काहींत शिमेचं. प्रत्येकातली एक बरणी गार कपाटात, दुसरी उबेला. दुसऱ्या दिवशी वेस्टमालवाल्या उबेच्या बरणीतला फेस गळ्याशी आला, मग नळीतून खालच्या बादलीत बदाबदा पडू लागला. हे यीस्ट फेसाबरोबर वर चढतं आणि दिवसेंदिवस खाली बसायला तयार नसतं. साधी हवाबंद टोपी लावली तर ती छताला लागते, म्हणून जाड नळीच हवी. शिमेचं त्या मानाने गरीब, गुमान काम करणारं. पण त्याला ऊब मिळाली की केळं दडत नाही. बरणीवर वाकलं तर पिकल्या वेलची केळ्यांचा घड जवळ ठेवलाय असं वाटावं.

केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा. खऱ्या केळ्यातही तेच असतं. लवंगेची गोष्ट वेगळी. धान्याच्या सालातलं फेरुलिक आम्ल यीस्ट मोडतं आणि तो वास तयार होतो. बहुतेक ब्रूअरना हा वास नको होता, म्हणून शतकानुशतकांच्या निवडीत त्यासाठी लागणारी जनुकं निकामी झाली. २०१६ साली बेल्जियममधल्या लवेनच्या संशोधकांनी १५७ यीस्टांचे जनुकक्रम तपासले, त्यात हे स्पष्ट दिसलं. जर्मन गव्हाच्या बिअरच्या यीस्टांत मात्र ती शाबूत आहेत, कारण तिथे लवंग हवीच होती. आपल्याला लवंग वाढवायची असेल तर माल्ट भिजवताना थोडा वेळ ४५ अंशांवर थांबावं. फेरुलिक आम्ल जास्त सुटतं. केळं वाढवायचं तर ऊब द्यावी आणि यीस्ट किंचित कमी टाकावं. पण पहिल्याच दिवशी ऊब दिली तर थिनरचा वास येतो, आणि तो मुरवूनही पुरता जात नाही. १८ वर सुरू करून तिसऱ्या दिवसापासून चढू द्यावं, हे सगळ्यात बरं.

सेझों, म्हणजे बेल्जियमची कोरडी ग्रामीण बिअर, करायची असेल तर दुपाँ ब्रूअरीच्या यीस्टशी गाठ पडते. वायईस्टचं ३७२४. हे यीस्ट धडाक्यात सुरू होतं आणि निम्म्या वाटेवर ठप्प बसतं. माणसं ब्लँकेट गुंडाळतात, हीटर लावतात, ३० अंशांच्या वर नेतात, वाट पाहतात. ज्यांचा धीर सुटतो ते वायईस्टचंच ३७११ हे दुसरं यीस्ट ओततात, आणि ते शेवटचा गोडवाही फस्त करतं. दोन्ही यीस्टांत एसटीए१ नावाचं जनुक आहे. इतर यीस्टांना न पचणाऱ्या लांब साखळ्या त्यामुळे तुटतात. म्हणून ठप्प झालेली बिअर संपली असं समजून बाटलीत भरणं धोक्याचं. यीस्ट आत जागं होतं आणि काच फुटते. हायड्रोमीटरचं माप काही दिवस हललं नाही तरच भरावी, तीही जाड बाटलीत.

फुकट यीस्टचाही एक मार्ग आहे. शिमेची बाटली हलकेच ओतायची आणि तळाचा गाळ थोड्याशा पातळ वर्टमध्ये वाढवायचा. बाटली ताजी असेल तर दोन-तीन दिवसांत फेस दिसतो. ओर्वाल मठाच्या बाटलीशी हा खेळ करताना विचार करावा. तिच्यात ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट असतं, त्याला घोड्याच्या खोगिराचा वास येतो असं म्हणतात, आणि ते एकदा प्लास्टिकच्या नळ्यांत शिरलं की त्या नळ्या त्याच्याच नावे कराव्यात.

माझी निवड विचाराल तर ट्रिपेलला वेस्टमालचं यीस्ट, दाट काळपट बिअरला रोशफोरचं. १० टक्के अल्कोहोलच्या क्वाड्रुपेलला नवं पाकीट थेट घालू नये, ते दमतं. आधी सात टक्क्यांची दुबेल करावी आणि तिच्यातलं यीस्ट क्वाड्रुपेलला घ्यावं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरचा तपकिरी मळ काढून टाकावा आणि खालचा पांढरा, सायीसारखा फेस उकळलेल्या चमच्याने बरणीत घ्यावा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. झाकण सैल ठेवायचं.