प्राथमिक स्तरावरील इंग्रजी अध्यापनात संभाषण-खेळांचे उपयोजन

प्रस्तावना :
महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविण्यास प्रारंभ झाला. म्हणजेच या शाळांतून आज महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्याने बारा वर्षे इंग्रजीचा अभ्यास केलेला असतो. तरीही पहिल्या तासाला स्वतःची ओळख इंग्रजीतून करून देण्यास सांगितले असता अनेक विद्यार्थी मान खाली घालतात. व्याकरणाच्या रिकाम्या जागा अचूक भरणारा विद्यार्थी दोन वाक्ये बोलण्यास का कचरतो, या प्रश्नाचे एक उत्तर प्राथमिक वर्गात सापडते. प्रस्तुत लेखात संभाषण-खेळांचे स्वरूप, त्यांचे कार्य आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

बोलण्याच्या संधीचा प्रश्न :
चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात शिक्षकाने प्रत्येकाला एकेक करून अर्धा मिनिट बोलते केले, तर वीस मिनिटे खर्ची पडतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला केवळ अर्धा मिनिट येते. तोच वर्ग वीस जोड्यांत विभागून दहा मिनिटांचा खेळ घेतल्यास प्रत्येक विद्यार्थ्याला सुमारे पाच मिनिटे बोलता येते. वेळ निम्मा लागतो आणि संधी दहापट वाढते. संभाषण-खेळाचे पहिले समर्थन असे साध्या गणितात आहे.

सैद्धांतिक आधार :
स्टीफन क्रॅशेन यांनी भाषासंपादनाच्या संदर्भात ‘भावनिक गाळणी’ची संकल्पना मांडली. भीती व संकोच वाढला की कानावर पडलेली भाषा आत झिरपत नाही, असा तिचा आशय आहे. खेळात लक्ष चुकांवरून डावाकडे वळते व संकोच कमी होतो. भारतीय संदर्भात एन. एस. प्रभू यांचा १९७९ ते १९८४ या काळातील बंगळूर प्रकल्प महत्त्वाचा आहे. त्यात कृतींचे माहितीची दरी, तर्काची दरी आणि मताची दरी असे तीन प्रकार मानले गेले. प्रकल्पाचा भर गटकार्यापेक्षा शिक्षकप्रणीत कृतींवर होता. तथापि ‘दरी’ची ही संकल्पना खेळांनाही तंतोतंत लागू पडते. एकाला ठाऊक असलेले दुसऱ्याला ठाऊक नसेल, तरच बोलण्याची खरी गरज निर्माण होते. हातातील पेन दाखवून ‘व्हॉट इज धिस?’ असे विचारणाऱ्या शिक्षकाला उत्तर आधीच माहीत असते. म्हणून तो प्रश्न संभाषण ठरत नाही.

काही निवडक खेळ :
१) ‘शिवाजी म्हणतो’ : मुलांच्या परिचयाचा हा खेळ ‘टच युअर नोज’, ‘टर्न अराउंड’ अशा इंग्रजी आज्ञांनी घेता येतो. आरंभी मूल केवळ ऐकते व कृती करते. आठवडाभराने आज्ञा देण्याचे काम मुलांकडे सोपवावे. अशा रीतीने श्रवणातून भाषणाकडे संक्रमण होते.

२) वस्तू ओळखा : एक विद्यार्थी मनात वस्तू धरतो व इतर प्रश्न विचारतात. मराठीत विधानाच्या शेवटी ‘का’ जोडले की प्रश्न होतो, शब्दक्रम बदलत नाही. इंग्रजीत मात्र साहाय्यक क्रियापद आरंभी येते. त्यामुळे आपली मुले ‘इट इज ग्रीन?’ असे विचारतात. ‘इज इट ग्रीन?’, ‘डज इट फ्लाय?’ ही रचना या खेळात नियम न सांगता वारंवार वापरली जाते.

३) चित्रांतील फरक : जोडीतील दोघांकडे किंचित भिन्न चित्रे असतात. एकमेकांचे चित्र न पाहता, केवळ बोलून पाच फरक शोधायचे असतात. चित्रे फळ्यावर पाहून वहीत काढून घेतली तरी चालते; स्वतंत्र खर्च लागत नाही.

अडचणी व दक्षता :
गोंगाट होतो, मुले मराठीत बोलू लागतात आणि हुशार मुलेच पुढे राहतात, हे आक्षेप निराधार नाहीत. त्यासाठी खेळापूर्वी लागणारी चार-पाच वाक्ये फळ्यावर लिहून सर्वांकडून म्हणवून घ्यावीत. खेळाचे नियम मात्र मराठीतून सांगण्यास संकोच नसावा. जोड्या वरचेवर बदलाव्यात. खेळ चालू असताना चूक दाखवू नये. ती टिपून ठेवावी व नंतर नाव न घेता सर्वांसमोर दुरुस्त करावी. बाद झालेल्या मुलास बाहेर बसविणारे खेळ टाळावेत, कारण ज्याला सरावाची सर्वाधिक गरज असते तोच प्रथम बाद होतो.

समारोप :
खेळ हा पाठ्यपुस्तकाला पर्याय नव्हे. वाचन-लेखनाचे कार्य तो करू शकत नाही. तथापि, बोलण्याची पहिली भीती मोडण्याचे जे कार्य पाठ्यपुस्तकास जमत नाही, ते खेळ करतो. शाळांतील शिक्षक आपल्याच महाविद्यालयांतून घडतात. ज्या विद्यार्थ्याने येथे इंग्रजीत तोंड उघडले नाही, तो उद्या शिक्षक म्हणून मुलांना बोलते कसे करणार? म्हणून प्रथम वर्षातील विद्यार्थ्यांच्या मौनाचा दोष केवळ शाळांना न देता, अध्यापक-शिक्षणातील सराव पाठांत आणि आपल्या स्वतःच्या तासिकांतही या खेळांना स्थान देणे अगत्याचे आहे.