ठेका उशिरा का ऐकू येतो?

आमचे आबा गवंडी आहेत आणि गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात. गेल्या वर्षी त्यांचे वादन संगणकावर ध्वनिमुद्रित करावे म्हणून मी त्यांना कानाला इअरफोन लावून बसविले. दोन आवर्तने झाली आणि त्यांचा हात अडखळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. "वय झालं आता," एवढेच म्हणून त्यांनी मृदंगावर खोळ चढवली. ते वाक्य मला डाचत राहिले, म्हणून मी कारण शोधू लागलो.

संगणक आवाज सलग घेत नाही. तो सेकंदाला बहुधा ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतो. एकेक माप हाताळणे त्याला परवडत नाही. ठरावीक मापे साठली की तो ती एकदम उचलतो. या साठ्याला 'बफर' म्हणतात आणि आवाज परत ऐकू येईपर्यंत होणाऱ्या उशिराला 'लेटन्सी'.

आबांच्याच कामातले उदाहरण घेऊ. घमेले भरल्याखेरीज माल वर जात नाही. घमेले मोठे असेल तर ते भरेपर्यंत थांबावे लागते. लहान असेल तर माल लवकर पोहोचतो, पण खेपा वाढतात. एखादी खेप चुकली की गवंड्याचा हात रिकामा राहतो. संगणकाची खेप चुकली की आवाज तुटतो, चटचट ऐकू येते.

आमचा बफर २,०४८ मापांचा होता. तो भरायला सुमारे ४६ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एक व बाहेर जाताना एक असे दोन साठे धरले, तर निदान ९३ मिलिसेकंद झाले. तेवढ्या वेळात हवेतून आवाज सुमारे शंभर फूट जातो. म्हणजे आबांना आपलीच थाप शंभर फुटांवरून ऐकू येत होती! अशाने कोणाचा हात ठरेल?

मुद्रण झाल्यावर नुसते ऐकायचे असेल, तर मोठा बफर सोयीचा. वाजवणारा समोर बसला असेल, तर लहान हवा. मी तो १२८ केला. उशीर सहा मिलिसेकंदांच्या आसपास आला. अंतर साडेसहा फुटांवर, दिंडीतल्या शेजारच्या टाळकऱ्याइतके.

आबांना हे घमेल्याच्या भाषेत सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे यंत्राची चूक होती तर?"

"यंत्राची नाही, आबा. आकडा न बघता तुम्हाला बसवणारा मीच."

ते हसले आणि त्यांनी मृदंगावरची खोळ काढली.