लाट येते, पाणी येत नाहीं

गेल्या कार्तिकांतील एका सकाळीं मी नातीस घेऊन गंगेवर गेलों होतों. आम्ही नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतों. रामकुंडाच्या एका कोपऱ्यांत पाणी जवळजवळ निश्चल होतें व त्यावर झेंडूचें एक फूल तरंगत होतें. तें काठाशीं यावें म्हणून नातीनें फुलाच्या पलीकडे खडा टाकला. वर्तुळें उठलीं, फुलाखालून गेलीं, पायरीस येऊन थडकलीं व तेथून उलट परतलीं. फूल मात्र जागच्या जागीं वरखालीं झालें व तेथेंच राहिलें.

“आजोबा, लाट आली, मग फूल कां नाहीं आलें?”

हा प्रश्न ऐकून मी वरमलों. संस्कृत शिकवितांना मी कित्येक वर्षें वर्गांत ‘वीचितरंगन्याय’ असा सांगत आलों कीं, लाटेबरोबर पाणी जसें काठास येतें, तशी घंटेजवळची हवा ध्वनि घेऊन आपल्या कानाशीं येते. गंगेच्या कांठीं जन्म काढूनहि पाण्याकडे मीं नीट पाहिलें नव्हतें.

खडा पडला कीं तेथील पाणी दबतें, पुनः उसळतें व शेजारच्या पाण्यास हालवितें. तें त्याच्या शेजाऱ्यास. पाण्याचा प्रत्येक कण लहानशी फेरी घेऊन बहुतेक आपल्या जागीं परततो. पुढें जातें तें केवळ चलन, आणि त्याबरोबर खड्यानें दिलेली ऊर्जा. पंगतींत ‘तूप वाढा’ हा निरोप या टोकापासून त्या टोकापर्यंत पोंचतो, पण पाटावरून कोणीच उठत नाहीं, तसेंच हें. पुराचें पाणी ओंडके वाहून नेतें तो प्रवाह. लाट ही निराळी गोष्ट आहे.

आतां घंटेकडे वळूं. रामकुंडाजवळील नारोशंकराच्या देवळाची प्रचंड घंटा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. वसईच्या १७३९ मधील विजयाची ती आठवण. अशा घंटेवर टोल पडला कीं तिचें अंग कांपतें, लगतची हवा आळीपाळीनें दाबली जाते व विरळ होते, आणि ही दाब-विरळता सेकंदास सुमारें ३४० मीटर वेगानें चोहोंकडे पसरते. घंटेजवळची हवा घंटेजवळच राहते.

आमच्या नैयायिकांनीं या बाबतींत माझ्याहून अधिक सावधपणा दाखविला होता. विश्वनाथ पंचाननाच्या ‘भाषापरिच्छेदा’त वीचितरंगन्याय व कदंबगोलकन्याय हे दोन्ही आले आहेत. पहिला शब्द स्वतः चालत येत नाहीं. तो दुसऱ्यास जन्म देतो, दुसरा तिसऱ्यास, असें तें मत. मात्र शब्दाचा आश्रय आकाश, हें त्यांचें म्हणणें टिकलें नाहीं. रॉबर्ट बॉइल यानें १६६० मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांचपात्रांत घड्याळ टांगून हवा काढून घेतली, तेव्हां त्याची टिकटिक मंदावत गेली. ध्वनीस हवा, पाणी, लोखंड असें कांहींतरी माध्यम लागतेंच. प्रकाशास तें लागत नाहीं. म्हणून सूर्य दिसतो, पण ऐकूं येत नाहीं.

आणखी एक गंमत. देवघरांतील घंटा स्वयंपाकघरांत ऐकूं येते, पण समई तेथून दिसत नाहीं. वेगास सेकंदांतील कंपनांनीं भागिलें कीं लाटेची लांबी मिळते. ३४० कंपनांच्या स्वराची लाट एक मीटर भरते. ती दारांतून शिरतांना वळून कोपऱ्याआड पसरते. प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याएवढी; दारासारख्या रुंद वाटेंतून ती जवळजवळ सरळच जाते.

वाचकांनीं घरीं परातींत पाणी घेऊन त्यावर तुळशीचें पान सोडावें व दोन ठिकाणीं एकदम बोट टेकवावें. दोन्ही वर्तुळें एकमेकांतून पार होऊन आपापल्या वाटेनें जातात. माजघरांत चौघे एकदम बोलत असतां प्रत्येकाचा आवाज निराळा ओळखतां येतो, तो यामुळेंच.

माझे जुने विद्यार्थी आतां स्वतः आजोबा होऊं लागले आहेत. त्यांच्यापैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडला, तर त्यांनीं माझा तो जुना पाठ पुसून टाकावा, आणि नातवंडांस तो सांगण्याआधीं एकदां परातींत पाणी भरून पहावें.